लेखापरीक्षण मानकांच्या मसुद्यावर लहान फर्मने आपले म्हणणे कसे मांडावे

भारतीय सनदी लेखापाल संस्था लेखापरीक्षणाची मानके बदलण्यापूर्वी त्यांचा मसुदा सूचनांसाठी खुला करते, आणि वणी किंवा दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी एक-दोन भागीदारांवर चालणाऱ्या फर्मला आपली बाजू मांडण्याची खरी संधी तेव्हाच मिळते.

'लहान फर्मना हे झेपणार नाही' एवढेच लिहून पाठवू नये. अशा पत्राचे संस्थेच्या मानके तयार करणाऱ्या मंडळाने करायचे तरी काय? परिच्छेद क्रमांक, प्रत्यक्षातील अडचण आणि सुचवलेला पर्यायी मजकूर, असा क्रम ठेवावा. शेतकरी उत्पादक कंपनीचेच उदाहरण घ्या. ती कायद्याने कंपनी असल्याने कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४३ नुसार तिच्या लेखापरीक्षकाला ही मानके पाळावीच लागतात. परंतु कापूस किंवा तूर देणाऱ्या शेकडो सभासदांच्या किरकोळ बाक्यांची लेखी पुष्टी मागितल्यास उत्तरे क्वचितच येतात. बाहेरून लेखी पुष्टी घेण्याबाबतच्या मानक ५०५ मध्ये अशा वेळी पर्यायी तपासणीची तरतूद आहे, म्हणून सवलत न मागता, काटापावत्या, खरेदी पावत्या आणि वर्षअखेरीनंतर बँकेतून झालेले चुकारे यांचे उदाहरण मानकाच्या मार्गदर्शक भागात घालावे, अशी मागणी करावी.

अशिलाचे नाव मात्र कोठेही येऊ देऊ नये.

संस्थेच्या अकोला, अमरावती किंवा नागपूर शाखेमार्फत संयुक्त निवेदन द्यावे, तरी प्रत्येक फर्मने स्वतंत्र पत्रही मुदतीत पाठवावे. संस्थेने शिफारस केलेली मानके केंद्र सरकार राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाशी विचारविनिमय करून विहित करते; त्या प्राधिकरणाने सूचना मागवल्यास तेच टिपण तिकडेही पाठवावे.