बेसमेंटमध्ये गरम हवा खेळती कशी ठेवावी

न्यू जर्सी, शिकागो किंवा टोरांटो परिसरातील मराठी घरांत बेसमेंट ही मुलांची खेळण्याची जागा असते आणि भारतातून आलेले आईवडील अनेकदा तिथेच मुक्कामाला असतात. जानेवारीत मात्र तिथे डोक्याशी ऊब आणि पायाशी गारठा जाणवतो. गरम हवेचे झरोके बहुधा छतात असतात, गरम हवा हलकी असल्याने वरच तरंगते आणि जमिनीलगतच्या थंड, जड हवेला बाहेर पडायला वाट नसते. थर्मोस्टॅट, म्हणजे घराचे तापमान ठरवणारे यंत्र, सहसा वरच्या मजल्यावर असल्याने तो वाढवून वरच्याच खोल्या जास्त तापतात. म्हणून थंड हवा खालून काढून घेणे, हा खरा उपाय आहे.

प्रथम फर्नेस, म्हणजे घरासाठी हवा तापवणारी भट्टी, चालू असताना प्रत्येक झरोक्याजवळ टिश्यू पेपर धरून झोत तपासावा. झोत क्षीण असेल, तर त्या डक्टवरील (हवा वाहून नेणाऱ्या नळीवरील) डँपरची, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपेची, मूठ पाहावी. ती डक्टला समांतर असेल तर मार्ग खुला असतो, आडवी असेल तर बंद. फिल्टर मळला असल्यास बदलावा. डक्टचे उघडे सांधे मॅस्टिकने (सांधे बुजवण्याच्या लुकणाने) किंवा धातूच्या फॉइल टेपने बंद करावेत. कापडी डक्ट टेप उष्णतेने लवकर सुटते.

त्यानंतर परतीच्या हवेची जाळी, म्हणजे रिटर्न, शोधावी. अनेक बेसमेंटमध्ये ती नसतेच, किंवा असली तरी छताजवळ असल्याने नुकतीच आलेली गरम हवाच परत ओढून घेते. ती भिंतीत जमिनीलगत आणि शक्यतो गरम झरोक्यांच्या समोरच्या बाजूला असावी. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे, कारण रिटर्न गॅसच्या फर्नेसजवळ किंवा वॉटर हीटरजवळ बसवल्यास चिमणीतून बाहेर जाणारा धूर उलटा घरात ओढला जाऊन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पसरू शकतो. फर्नेसच्या खोलीत तर रिटर्न मुळीच ठेवू नये.

नवी डक्ट शक्य नसेल, तर बंद राहणाऱ्या खोल्यांच्या दारांखाली सुमारे 2 सेंटिमीटर फट ठेवावी किंवा दारात खाली जाळी बसवावी. थर्मोस्टॅटवरील पंखा ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर ठेवल्यास फर्नेस पेटलेली नसतानाही हवा फिरत राहते, विजेचा थोडा खर्च वाढतो, पण वरच्या आणि खालच्या मजल्यांच्या तापमानातला फरक कमी होतो.

गारठा येतो कुठून, हेही पाहावे. हिवाळ्यात घरातील गरम हवा माळ्याच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरण्यासाठी बाहेरची थंड हवा बेसमेंटमधून आत खेचली जाते. घराच्या पायाच्या भिंतीवर जिथे लाकडी वासे टेकतात, ती कड याची नेहमीची वाट असते. तिथल्या फटी बुजवून इन्सुलेशन भरावे आणि माळ्यावरच्या फटीही बंद कराव्यात.

रिटर्न बसवल्यावर बेसमेंटची हवा साऱ्या घरात फिरते, त्यामुळे आधी आणि नंतर रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूची, चाचणी करावी. अमेरिकेत लिटरमागे 4 पिकोक्युरी आणि कॅनडात घनमीटरमागे 200 बेकरेल ही उपाययोजनेची पातळी मानली जाते. आईवडील खाली झोपत असतील, तर त्यांच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू स्थितीत आहे ना, हे त्याच दिवशी तपासून घ्यावे.