चतुराचा फोटो गोल बीच टॉवेलवर छापून घ्यायचाय? मग हे वाचा

पावसाळा सरता सरता तळ्याकाठी चतुर (म्हणजे ड्रॅगनफ्लाय) दिसायला लागले की सगळेच मोबाईल काढतात, आणि मग त्यातला एखादा फोटो मस्त आला की वाटतं हा कुठंतरी छापूया. गोल बीच टॉवेल त्यासाठी भारी आहे, पण एक लक्षात घ्या, स्क्रीनवर लाईक मिळवणारा फोटो टॉवेलवर चालेलच असं नाही.

आधी फोटो निवडा. गोल टॉवेल साधारण ६० इंच व्यासाचा असतो, म्हणजे दीड मीटर, आणि सहा सेंटिमीटर पंखांचा चतुर त्यावर आरामात वीसपट मोठा होतो. त्यामुळे फोकस जरा हललेला असला तरी लगेच कळतं. बाजूने काढलेल्या फोटोत अर्धं वर्तुळ रिकामं राहतं, वरून काढलेला, चारही पंख पसरलेला फोटो गोलात छान बसतो. तसा काढायचा तर सकाळी लवकर जा, तेव्हा ते थंड असतात आणि फार उडत नाहीत. कॅमेरा पंखांच्या पातळीला समांतर धरा म्हणजे चारही पंख शार्प येतात, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ते एफ/११ ठेवा. उडाला तर तिथंच थांबा, बरेच चतुर फिरून त्याच काडीवर येऊन बसतात. रंग हवा असेल तर क्रिमसन मार्श ग्लायडर या जातीच्या चतुराचा गुलाबी-जांभळा नर शोधा, माझ्या मते टॉवेलसाठी त्याच्यासारखा दुसरा नाही.

आता क्रॉप. चौकोनातून गोल कापला की साधारण पाचवा भाग कोपऱ्यात उडतो, म्हणून पंखांची टोकं कडेला भिडवू नका. शिवण आणि झालर लागते तिथं दोनेक इंच तरी नुसतं बॅकग्राउंड सोडा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६०००×४००० पिक्सेलचा असतो, चौकोनी केल्यावर एका बाजूला ४००० उरतात, म्हणजे इंचाला जेमतेम ६७ पिक्सेल. कागदावर हे कमी पडलं असतं पण टॉवेल आपण उभ्यानं, लांबून बघतो आणि कापडाच्या लवीत बारीक डिटेल तसंही हरवतं, त्यामुळे चालतं. फक्त फाईल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ते साईज पार कमी करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एसआरजीबी (स्क्रीनवरच्या रंगांची नेहमीची पद्धत) जेपीईजी फाईल बहुतेक ठिकाणी घेतात.

कापडाचं नीट विचारून घ्या. असे टॉवेल सहसा सब्लिमेशनने छापतात, त्यात २०० अंशांच्या आसपास उष्णतेने रंगाची वाफ होऊन ती पॉलिस्टरमध्ये शिरते. कॉटनवर हा रंग धरत नाही, म्हणून छापलेली बाजू पॉलिस्टरची आणि मागची कॉटन टेरीची असा जोड असतो. अंग पुसायचं ते मागच्या बाजूने! (खरं सांगायचं तर पुसायला आपला पंचाच बेस्ट, हा टॉवेल लोळायला.) पांढरा रंग छापत नाहीत, तिथं कापडच दिसतं, म्हणून पांढऱ्या आकाशावरचे पारदर्शक पंख गायबच होतात. आणि फ्लॅश मारून काळं बॅकग्राउंड आलेले फोटो तर नकोच, लव वाकली की खालचं पांढरं कापड डोकावतं आणि सगळा काळा राखाडी दिसतो. मागे हिरवं गवत धूसर झालेलं असेल तर सगळ्यात सेफ.

ऑर्डरआधी छोटा तुकडा छापून मागा, हिरवा आणि गुलाबी स्क्रीनपेक्षा फिके येतात का ते कळेल. देत नसतील तर निदान तयार टॉवेल हातात घेऊन बघा.

धुताना पहिल्यांदा वेगळा आणि थंड पाण्यात, ब्लीच नको, सॉफ्टनरही नको कारण त्याने मागचं टेरी पाणी शोषायचं कमी होतं. काशीदची किंवा तारकर्लीची वाळू लागली असेल तर ओली असताना घासत बसू नका, टॉवेल सुकू द्या आणि मग झटका, बरीचशी पडून जाते.