‘दोन तासांचं तर काम आहे, बोर्ड कशाला?’ गल्लीतल्या खोदाईत या चुका टाळा

पाण्याची लाइन फुटली की मुकादम चार माणसं घेऊन येतो, जेसीबी चर खणतो, भोवती लाल-पांढरी फीत गुंडाळली जाते आणि काम सुरू होतं. पुण्याच्या पेठांमध्ये आणि उपनगरांतल्या सोसायट्यांच्या रस्त्यांवर मी अशी कामं वर्षानुवर्षं पाहिली, काही स्वतः करून घेतली. आपण सगळे खड्ड्याच्या काठावर उभे राहून विचार करतो, ही त्यातली मूळ चूक. काठावरून सगळं स्पष्ट दिसतं. वळणावरून दुचाकी घेऊन येणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंनी पन्नास-साठ पावलं मागे जा आणि तिथून बघा.

बोर्ड खड्ड्याला टेकवून ठेवणं

‘काम चालू आहे’ हा बोर्ड बहुतेक ठिकाणी मातीच्या ढिगाऱ्यावर खोचलेला असतो. तो वाचेपर्यंत चाक चरात गेलेलं असतं. हिशोब सोपा आहे. ताशी ४० किमी वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत अडीच सेकंद धरतात, म्हणजे तेवढ्यातच २८ मीटर सरले. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकांत या वेगाला थांबण्यासाठी ४५ मीटर अंतर धरलं आहे, ताशी ३० ला ३० मीटर. पहिला बोर्ड निदान त्याच्याही अलीकडे हवा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, भले ते अंतर शंभर मीटर होवो. झाडाच्या फांदीआड किंवा उभ्या टेम्पोमागे लावलेला बोर्ड लावून न लावल्यासारखाच.

कामाच्या जागेवरच्या वाहतुकीसाठी याच संस्थेची वेगळी पुस्तिकाही आहे, आयआरसी एसपी ५५, तिची २०१४ ची आवृत्ती. आधी सूचना, मग वाहतूक बाजूला वळवणारा टप्पा, मग काम, शेवटी मोकळा रस्ता, असे भाग तिच्यात पाडले आहेत. गल्लीत हे सगळं लहान होतं, पण क्रम बदलत नाही.

गाड्या ट्रॅफिक कोनांच्या आत घुसतात, कोन पडतात

दोष बहुतेक वेळा रांगेत असतो. कोन रस्त्याला आडवे, एका ओळीत लावले की शेवटच्या क्षणी गाडी वळवावी लागते. रांग तिरकी लावा. दोन मीटर रुंदी अडवायची असेल तर ती दहा-पंधरा मीटर लांबीत हळूहळू अडवा. शेवटच्या कोनापासून चरापर्यंत थोडी जागा रिकामी सोडा. तिथे माती, पाइप किंवा डंपर ठेवू नका. चुकून आत आलेल्या गाडीला थांबायला तीच जागा असते. कोन वाऱ्याने पडत असतील तर बुडाशी वाळूची पिशवी ठेवा. दगड नको. दगड काम संपल्यावरही रस्त्यातच राहतात, आणि रात्री तेच दुचाकीला आडवं पाडतात. नुसती फीतही नको, अंधारात ती दिसत नाही आणि कोणाला अडवतही नाही.

दोन्हीकडून गाड्या येऊन मध्येच अडकतात

अरुंद रस्त्यावर एकच पदर उरला की ‘जो तो आपापलं बघेल’ असं म्हणून चालत नाही. नियमाने गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते, म्हणजे बस किंवा अग्निशमनाचा बंब जायला तीन मीटर तरी हवेत. तेवढं उरत नसेल तर रस्ता बंद करून पर्यायी मार्ग द्या. त्यासाठी वाहतूक शाखेची परवानगी आधी घ्यायची असते, जेसीबी उभा राहिल्यावर नाही.

पदर उरला तर दोन्ही टोकांना एकेक झेंडीवाला. हिरवी झेंडी एका वेळी एकाच टोकाची. दोघं एकमेकांना दिसत नसतील तर फोनवर शेवटच्या गाडीचा नंबर सांगा. ती बाहेर पडल्याशिवाय समोरची बाजू सोडायची नाही. चाळीस मीटरचा पट्टा ताशी १५ च्या वेगाने पार व्हायला दहा सेकंदच लागतात, तेव्हा एका बाजूला पाच-पाच मिनिटं ताटकळत ठेवू नका. लोक वैतागून मध्ये घुसतात ते त्यामुळेच. आणि झेंडी नवख्या पोराच्या हातात देऊन त्याला पाठ फिरवून उभा करू नका, त्याचा जीव त्या झेंडीवरच असतो.

पायी चालणाऱ्यांचा विसर

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. राडारोडा फूटपाथवर टाकला जातो, मग शाळेची मुलं आणि काठी टेकत चालणारे आजोबा रस्त्यावर, चालत्या गाड्यांत उतरतात. नेहमीच्या फूटपाथला १.८ मीटर मोकळी रुंदी अपेक्षित आहे. तात्पुरत्या वाटेला तेवढी मिळणार नाही, पण वाट द्या, गाड्यांच्या बाजूने कठडा लावा आणि चरावर हलणारी फळी टाकू नका. एका कामावर अशाच फळीवरून एक बाई घसरल्या, मनगट मोडलं. फळी बांधायला पाच मिनिटं लागली असती. तेव्हापासून फळीवर मी स्वतः चालून बघितल्याशिवाय ती लोकांसाठी उघडत नाही.

रात्रीचं काम

जेसीबीचे हेडलाइट येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर नकोत. चालकाला समोरून वाहन येतंय असं वाटतं आणि तो डावीकडे, नेमका चराकडे वळतो. हॅलोजनही खाली, कामावर रोखा. ब्लिंकर, म्हणजे लुकलुकणारा दिवा, रांगेच्या पहिल्या कोनापाशी हवा, शेवटच्या नाही.

काम संपल्यावर

माती उंच भरून ‘बसेल आपोआप’ म्हणू नका. पहिल्या पावसात तिथे खळगा होतो. थर देऊन, प्रत्येक थर ठोकून भरा. डांबरावर सांडलेली कच झाडून काढा, दुचाकी तिच्यावरूनच घसरते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या १९८ अ कलमानुसार, रस्त्याच्या बांधकामात किंवा देखभालीत सुरक्षेची मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला अपंगत्व आलं, तर ठेकेदारालाही एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

सामान काढताना लावलं त्याच्या उलट क्रमाने काढा: चराजवळचे कोन आधी, लांबचा बोर्ड सगळ्यात शेवटी. आणि तो काढाच. आठवडाभर तिथेच राहिलेला ‘काम चालू’ बोर्ड पाहून लोक पुढच्या खऱ्या बोर्डापाशीही वेग कमी करत नाहीत.