शेजारच्या देशात राहणं खरंच स्वस्त पडेल का?
नुसत्या निर्देशांकावर जाऊ नका. नम्बिओ या शहरांचे भाव देणाऱ्या वेबसाइटच्या राहणीमान खर्चाच्या निर्देशांकात न्यूयॉर्कचा खर्च म्हणजे 100 धरतात, आणि घरभाडं त्यात नसतंच! म्हणजे सगळ्यात मोठा खर्चच बाहेर.

1. बँक स्टेटमेंटवरून आपल्या नेहमीच्या खर्चाची यादी काढा.
2. त्याच वस्तूंचे भाव दोन्ही देशांतल्या ऑनलाइन दुकानांत बघा. किलो-लिटरचा दर धरा, पाकिटावरचा नको. भाडं जाहिरातींतून घ्या. वीज, पाणी, हीटिंग त्यात धरलंय का, तेही वाचा.
3. प्रत्येक देशाच्या बेरजेला तिथल्याच हातात पडणाऱ्या पगाराने भागून टक्के काढा आणि दोन्ही टक्के ताडून बघा. चलन बदलायची भानगडच नाही.

एका देशात राहून दुसरीकडे नोकरी करणार असाल, तर कर कुठे लागेल ते आधी विचारून घ्या.