मायनर थ्रेट कसा ऐकावा

वॉशिंग्टन डीसीचा मायनर थ्रेट हा पंक बँड १९८० ते १९८३ असा जेमतेम तीन वर्षे टिकला आणि १९८९ साली निघालेल्या एकाच संकलनात त्याची २६ गाणी पाऊण तासाच्या आसपास मावली. ती एका बैठकीत संपवण्याचा मोह होतो, तो आवरावा, कारण तसे केल्यास मागे केवळ वेग उरतो.

आरंभ १९८१ च्या पहिल्या ईपीने, म्हणजे अल्बमपेक्षा छोट्या तबकडीने, करावा. त्यात आठ गाणी सुमारे नऊ मिनिटांत संपतात. पहिल्या खेपेस शब्दांच्या मागे न लागता, जेफ नेल्सनचे ड्रम आणि लाइल प्रेसलरची गिटार भरधाव असताना एकाच क्षणी कशी थांबतात, एवढ्याकडेच कान द्यावा. वरवर बेशिस्त वाटणाऱ्या या संगीतामागची तालीम त्या थांब्यांत कळते.

दुसऱ्या खेपेस ‘स्ट्रेट एज’ हे पाऊण मिनिटाचे गाणे वेगळे काढावे. नशेत वेळ घालवण्यापेक्षा आपल्याला करण्यासारखे बरेच आहे, एवढेच गायक इयन मकाय त्यात सांगतो. पण त्या नावाने पुढे देशोदेशी निर्व्यसनी तरुणांची चळवळ उभी राहिली आणि तिच्यातील काहींनी त्याची आचारसंहिता करून टाकली. हा विपर्यास बँडच्या हयातीतच सुरू झाला होता. ते कळण्यासाठी ‘आउट ऑफ स्टेप’ या गाण्याची १९८१ आणि १९८३ ची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत: दुसऱ्यात वाद्ये चालू असतानाच मकाय गाणे सोडून बोलू लागतो आणि आपण कुणासाठी नियम घालून देत नसल्याचा खुलासा करतो.

माझ्या मते मात्र खरा वारसा सुरांपेक्षा कामाच्या पद्धतीत आहे. मकाय आणि नेल्सन यांनी आपल्या आधीच्या टीन आयडल्स या बँडची तबकडी काढण्यासाठी १९८० साली डिसकॉर्ड ही कंपनी सुरू केली; सुरुवातीची वेष्टने घरीच कापून, दुमडून, डिंकाने चिकटवलेली असत. तबकडी हाती आलीच, तर आधी तिच्या वेष्टनाची घडी पाहावी. मकायच्या पुढच्या फुगाझी या बँडनेही याच कंपनीतर्फे तबकड्या काढल्या आणि तिकीट साधारण पाच डॉलरवर ठेवून सर्व वयाच्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम केले.

‘सॅलड डेज’ शेवटी ठेवावे. डिसेंबर १९८३ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन १९८५ साली निघालेल्या या गाण्यात अकूस्टिक गिटार आणि घंटा आहेत; ते संपताच फुगाझीचा १९९० चा ‘रिपीटर’ हा अल्बम लावावा.