फ्रेमची टोकं आधी, बाकी नंतर

लाकडी होडीच्या फ्रेमला, म्हणजे आतल्या फासळ्यांना, इपॉक्सी (पाणी अडवणारं, घट्ट होणारं राळेसारखं रसायन) लावताना सगळे रुंद बाजूंवर हात फिरवतात. पाणी मात्र शिरतं ते आडव्या कापलेल्या टोकांतून, कारण तिथे लाकडाच्या नळ्या उघड्याच असतात. म्हणून टोकांना पहिला हात पातळ द्या आणि 10-15 मिनिटं थांबा. चमक गेलेली दिसली की लाकडाने ते पिऊन टाकलं, असं समजा. मग पुन्हा लावा. टोक ओलं दिसत राहीपर्यंत हे चालू द्या. तळाचं पाणी वाहून जायला ठेवलेली भोकंही विसरू नका. माझी एकदा राहिली आणि वर्षभरात तिथलंच लाकूड काळं पडलं. बाटली धुवायचा बारीक ब्रश त्यात छान फिरतो.

धारदार कडांवर थर टिकत नाही, त्या आधीच घासून गोल करा. काम दुपार उलटल्यावर करावं. लाकूड तापत असताना आतली हवा फुगून बुडबुडे येतात, निवताना इपॉक्सी आत ओढलं जातं. सुकल्यावर चिकट मेणासारखी साय आली तर आधी पाण्याने धुवा, मगच पॉलिश पेपर मारा. उन्हात राहणाऱ्या भागावर वरून रंग किंवा यूव्ही (ऊन अडवणारं) व्हार्निश हवंच.