पीईटीच्या लॉटमध्ये लपलेलं पीव्हीसी: रिसायकलिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

बाटल्यांच्या तळाशी असलेले १ ते ७ हे आकडे तुम्हाला पाठ असतील. ग्राइंडर, वॉशिंग, ड्रायर, एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून दाणा काढणारं यंत्र) हा क्रमही माहीत असेल, म्हणून ते पुन्हा सांगत बसत नाही. मला ज्याने सगळ्यात जास्त रडवलं, त्याबद्दलच लिहितो. आजही पीईटीचा, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकचा, नवा लॉट सुरू करताना माझ्या पोटात गोळा येतो, तो पीव्हीसीमुळे, म्हणजे पाइपांच्या प्लास्टिकमुळे.

नवीन माणसाला पाण्याच्या टाकीचं फार कौतुक वाटतं. फ्लेक्स, म्हणजे ग्राइंडरमधून निघालेले बाटल्यांचे तुकडे, टाकले की झाकणांच्या प्लास्टिकचे, म्हणजे पीपी-एचडीपीईचे, तुकडे वर तरंगतात, पीईटी तळाला बसतं. डोळ्यांसमोर वेगळं झालेलं दिसतं, म्हणून विश्वास बसतो. आता घनता बघा, पाण्याची १ धरून. पीपी साधारण ०.९, एचडीपीई ०.९५, दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. पीईटी सुमारे १.३८ आणि कडक पीव्हीसी १.४ च्या आसपास. म्हणजे पीव्हीसीसुद्धा तळालाच जाणार, पीईटीच्या मांडीला मांडी लावून. पाण्यात मीठ घाला, टाकी लांब करा, या दोघांची जोडी तिथे फुटत नाही.

खरा घात पुढे होतो. पीईटी वितळवायला २७०-२८० अंश सेल्सिअस लागतात. पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी विघटित होऊ लागतं आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. हे आम्ल पीईटीच्या लांब साखळ्या तोडतं. दाणा पिवळा पडतो, त्यात काळे ठिपके येतात, आयव्ही (साखळ्या किती लांब आहेत ते सांगणारा आकडा) घसरते, एक्स्ट्रूडरचे स्क्रू-बॅरल गंजतात ते वेगळंच. १ टन फ्लेक्समध्ये १०० ग्रॅम पीव्हीसी म्हणजे १०० पीपीएम, दहा लाखात शंभर भाग. बाटलीसाठी दाणा घेणारे याहूनही कमी मागतात. शंभर ग्रॅम! एवढं तर ओंजळीत मावतं.

आणि ते फक्त पीव्हीसीच्या बाटलीतून येत नाही. पीईटीच्या बाटलीवरची श्रिंक स्लीव्ह (घट्ट बसणारं छापील वेष्टन) पीव्हीसीची असू शकते, झाकणाच्या आतलं पातळ लायनर असू शकतं. बाटली बरोबर ओळखलीत तरी अंगावरच्या कपड्यांनी दगा दिला, असं होतं.

म्हणून पीव्हीसी ग्राइंडरच्या आधीच पकडा. बाटली उलटी करा. पीईटीच्या तळाला मध्यभागी एक बारीक टिंब असतं, पीव्हीसीच्या तळाला आडवी जोडरेघ दिसते. शंका आली तर बाटली दुमडून बघा: पीव्हीसीवर घडीच्या जागी पांढरा ओरखडा उठतो. हे सॉर्टिंग टेबलावर वर्षानुवर्षं बसणाऱ्यांकडून शिका. माझ्या मते त्यांच्याशेजारी काढलेला महिना कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त देतो. एनआयआर मशीन (इन्फ्रारेड प्रकाशाने प्लास्टिक ओळखणारं) असेल तर उत्तमच, पीव्हीसी ते चांगलं पकडतं. मात्र कार्बन ब्लॅक घातलेलं काळं प्लास्टिक त्याला दिसत नाही.

लायटरने जाळून वास घेणारे ‘उस्ताद’ भेटतील. त्यांचं ऐकू नका. पीव्हीसीचा धूर छातीत घेऊन कोणी हुशार होत नाही. त्याऐवजी धुतलेल्या फ्लेक्सचा नमुना ट्रेमध्ये पसरून, हवा खेळती असलेल्या जागी ओव्हनमध्ये २२० अंशांवर ठेवा. पीव्हीसीचे तुकडे तपकिरी-काळे होतात, पीईटी तसं होत नाही. काळे तुकडे वेचा, वजन करा, पीपीएम काढा. पुरवठादाराशी बोलताना हाच आकडा हातात हवा.

घाबरू नका, पहिले काही लॉट सगळ्यांचेच डळमळतात. आयव्ही पडली की लगेच पीव्हीसीवर खापर फोडू नका, आधी ओलावा बघा. एक्स्ट्रूडरच्या तोंडाशी तो ५० पीपीएमच्या खाली हवा, नाहीतर पाणीच साखळ्या तोडतं. लॉट बाटलीच्या दर्जाचा निघाला नाही तरी तो फेकायचा नसतो. आयव्ही आणि रंग पाहून बराचसा माल फायबरला किंवा स्ट्रॅपिंगला (खोकी बांधायच्या पट्ट्यांना) जातो. पण काळे ठिपके असतील तर फायबरवालाही परत पाठवतो, धागा तुटतो त्याचा. असा माल चांगल्या लॉटमध्ये थोडा थोडा मिसळून खपवायचा सल्ला हमखास मिळेल. तो ऐकलात तर चांगला लॉटही हातचा जाईल.